सोफ्यावरचा सहावा गडी

महासाथ आली तेव्हा जगात फार थोड्यांची तिच्यासाठी तयारी झालेली होती. डॉक्टरांची अर्धी, सरकारांची पाव आणि खेळाच्या चाहत्यांची पूर्ण. चाहत्याचा जीवच मुळी अशा गोष्टीत अडकलेला असतो, जी त्याच्या हातात नाही. तो घरी बसतो, आकडे बघतो, तज्ज्ञांना मूर्ख ठरवतो, ठरावीक कपडे घालून ठरावीक जागी बसतो, देव पाण्यात घालतो, आणि या सगळ्यामुळे लांब कुठेतरी आपलं कुणीतरी वाचतंय अशी त्याची पक्की समजूत असते. मार्च 2020 मध्ये जगभरच्या सरकारांनी समस्त जनतेला नेमकं हेच करायला सांगितलं. घरात बसा, तुमच्या बसण्यानंच जग वाचणार आहे! इतर लोक गडबडले. आमचे जावई शांतपणे म्हणाले, "आई, मी तर कित्येक वर्षं हेच करतोय. फक्त सरकारनं कधी दखल घेतली नव्हती."

जावई टोरांटो रॅप्टर्सचे चाहते. मूळचे नाशिकचे, पण गोदावरीबद्दल जितका अभिमान, त्याहून कांकणभर जास्त या संघाबद्दल. आम्ही दोघं डोंबिवलीहून टोरांटोच्या एटोबिको भागात पोहोचलो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा, प्रेशर कुकर, सगळं बॅगेत भरून. फेब्रुवारीत नात झाली. मार्चमध्ये भारतानं परदेशी विमानं बंद केली, ऑन्टारिओत आणीबाणी लागली, आणि सासू, सासरा, लेक, जावई, तान्हं बाळ आणि एक बास्केटबॉल संघ असे आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडले गेलो.

संघही घरातच होता, यात अतिशयोक्ती नाही. भिंतीवर होता, चहाच्या कपांवर होता, आमच्या ह्यांना थंडीसाठी दिलेल्या टोपीवर होता. 13 जून 2019 ला रॅप्टर्सनी गोल्डन स्टेट वॉरियर्सना हरवून एनबीएचं विजेतेपद मिळवलं होतं. अमेरिकेबाहेरच्या संघानं ते मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी महिनाभर, फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात, कवाय लेनर्डनं शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू कड्यावर चार टप्पे खाऊन आत पडला होता. ती चित्रफीत आम्हाला आल्या आल्या दाखवण्यात आली, नातीचा सोनोग्राफीचा फोटो त्यानंतर. लेनर्ड मात्र विजेतेपद मिळवून महिन्याभरातच लॉस एंजेलिसला निघून गेला होता. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे काम झालं आणि पोरगा अमेरिकेला गेला. यात नवीन काय?"

आता ही साथ आमच्या घरात कशी शिरली ते सांगते. विषाणू नव्हे, त्याची बातमी. 9 मार्चला रॅप्टर्स सॉल्ट लेक सिटीत युटा जॅझविरुद्ध खेळले आणि जिंकले. त्याच दिवशी जॅझचा उंचापुरा फ्रेंच खेळाडू रूडी गोबेर यानं पत्रकार परिषद संपवून उठताना समोरच्या सगळ्या माइकना मुद्दाम हात लावला. कसला करोना आणि कसलं काय, असं दाखवायला. 11 मार्चला त्याचीच चाचणी पॉझिटिव्ह आली, ओक्लाहोमा सिटीतला सामना सुरू होता होता थांबवला गेला आणि पाठोपाठ अख्खा मोसम स्थगित झाला. रॅप्टर्सच्या खेळाडूंना चौदा दिवस घरात कोंडून घ्यावं लागलं. जावयांनीही लगेच स्वतःला एका खोलीत कोंडून घेतलं. "तुम्ही कुठे गेला होतात सॉल्ट लेक सिटीला?" असं लेकीनं विचारलं, तर म्हणाले, "मॅच पूर्ण पाहिली होती ना." त्या खोलीत बाळाचे लंगोट वाळत नव्हते आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या, हा केवळ योगायोग.

नंतरचे चार महिने सामने नव्हते. चाहत्याला सामना नसणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं. जावई जुने सामने पाहू लागले, आणि तेही निकाल माहीत नसल्यासारखे, तळव्याला घाम फोडून. आमचे हे हसायचे. पण 28 मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं होतं आणि हे फोनवर त्याचे तुकडे बघत बसत. एका सोफ्यावर दोन पुरुष. एकाला लेनर्डचा चेंडू आत जाणार हे ठाऊक होतं, दुसऱ्याला रावण मरणार हे ठाऊक होतं. दोघांचाही श्वास अडकलेला.

एप्रिलमध्ये मायकेल जॉर्डनवरची 'द लास्ट डान्स' ही दहा भागांची मालिका आली. ती खरं तर जूनमध्ये यायची होती; घरात अडकलेल्या जगाकडे बघून अलीकडे ओढली. ती मात्र मीही पाहिली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोण आपल्याला काय बोललं होतं, हे जॉर्डनला शब्दन् शब्द आठवत होतं. लग्नातले मानापमान लक्षात ठेवणाऱ्या आमच्या मावशींनंतर एवढी स्मरणशक्ती मी त्याच्यातच पाहिली.

आकड्यांच्या बाबतीत मात्र जावयांचा अनुभव घराला उपयोगी पडला. रोज सकाळी ऑन्टारिओचे आकडे यायचे. आमच्यासारखी माणसं आकडा वाढला की हाय खायची आणि कमी झाला की लगेच मास्क नाकाखाली घ्यायची. जावई सांगायचे, एका सामन्यावरून मोसम ठरवायचा नसतो, सात दिवसांची सरासरी बघा. ह्यांनी ते मनावर घेतलं आणि कल्याण-डोंबिवलीचे आकडे वहीत उतरवून सरासरी काढायला सुरुवात केली. मग डोंबिवलीच्या मित्रांशी फोनवर, तुमचा बचाव ढिला पडलाय, दुसऱ्या सत्रात सांभाळा, अशी बोलणी सुरू झाली.

कपड्यांवरून मात्र घरात पेच पडला. तेव्हा आम्ही सगळंच धूत होतो. केळी धुतली, दुधाची पिशवी धुतली, किल्ल्या धुतल्या, कणकेच्या पिशवीलाही आंघोळ घातली. न धुतलेली एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे जावयांची रॅप्टर्सची जर्सी. मोसम थांबला तेव्हा संघ ओळीनं चार सामने जिंकलेला होता आणि जिंकत्या संघाची जर्सी धुवायची नसते. एका बाजूला जागतिक आरोग्य संघटना, दुसऱ्या बाजूला रॅप्टर्स. तोडगा असा निघाला की जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाल्कनीत विलगीकरणात ठेवायची. चार महिने ती तिथे होती. कबुतरंसुद्धा त्या कोपऱ्यात बसत नसत.

या खेळाचा जन्मच लोक घरात अडकल्यामुळे झाला, हे मला जावयांनी सांगितलं तेव्हा गंमत वाटली. जेम्स नायस्मिथ हा गृहस्थ याच ऑन्टारिओतला, आल्माँट गावचा. 1891 च्या डिसेंबरात तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला शिकवत होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेली, दांडगाई करणारी पोरं. त्यांना गुंतवायला त्यानं सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. त्यात ढकलायचं नाही, धरायचं नाही, खांदा मारायचा नाही, असंही होतं. म्हणजे अंतर राखा हे त्यानं तेव्हाच सांगून ठेवलेलं. आणि आता टोरांटोत लोक पुन्हा घरात अडकलेले, तर बागेतल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर जायला बंदी! जावई खिडकीतून त्या ओक्याबोक्या कड्याकडे असे पाहायचे की मी हळूच बाळाला त्यांच्या हातात द्यायची.

संघाचं स्टेडियमही रिकामं होतं, पण त्याच्या मालकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. स्कोशियाबँक अरीनाच्या भव्य स्वयंपाकघरात एप्रिलपासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि गरजूंसाठी जेवण रांधायला घेतलं. दिवसाला 10,000 ताटांपर्यंत. हा आकडा ऐकल्यावर मात्र मीही रॅप्टर्सना मानलं. बास्केटमध्ये चेंडू कुणीही टाकेल, दहा हजारांच्या भाताचा अंदाज चुकू न देणं हे खरं काम.

जुलैत एनबीएनं फ्लोरिडात ओरलँडोजवळच्या डिस्नीच्या आवारात सगळ्यांना नेऊन ठेवलं. 22 संघ, बंद कुंपण, त्याला नाव बबल. नियमांची पुस्तिका 113 पानांची. ती ऐकत गेले तशी मला माझ्या आजेसासूबाईंची आठवण येत गेली, कारण हे सरळसरळ सोवळं होतं. आल्यावर खोलीबाहेर पडायचं नाही. चाचणीत शुद्ध ठरल्यावरच पंक्तीत. पत्ते एकदा खेळले की टाकून द्यायचे. टेबल टेनिस खेळा, पण एकास एक. जोडीनं खेळायचं नाही. सॅक्रमेंटोचा रिशॉन होम्स घरपोच आलेलं जेवण घ्यायला सीमारेषेच्या पलीकडे पाऊलभर गेला आणि त्याला पुन्हा दहा दिवस खोलीत बसवलं. आजेसासूबाईंनी फक्त आंघोळीवर सोडलं असतं. कुणी नियम मोडला तर नाव न सांगता कळवायला एक फोननंबरही होता. तो ऐकून ह्यांचे डोळे लकाकले. आमच्या सोसायटीत असा नंबर असता तर सेक्रेटरीला फोन खाली ठेवायला उसंत मिळाली नसती. मायामीच्या जिमी बटलरनं तर आपल्या खोलीत कॉफीचं दुकान थाटलं, कपाला 20 डॉलर. ह्यांनी तिथल्या तिथे रुपयांत हिशेब केला, दीड हजाराच्या घरात गेला, आणि नंतर दोन दिवस मला चहा करताना "काय भाव?" असं विचारत राहिले.

पण हे सोवळं फळलं. तीन महिने शेकडो माणसं तिथे राहिली आणि सुरुवातीचं विलगीकरण पार करून आत आलेल्या खेळाडूंपैकी एकालाही लागण झाली नाही.

प्रेक्षक मात्र आत नव्हते. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात आणि सहावा गडी म्हणजे प्रेक्षक, असं तिथे मानतात. या सहाव्या गड्याची सोय अशी केली की मैदानाच्या तीन बाजूंना 17 फूट उंच पडदे लावले आणि त्यांवर तीनशेहून जास्त चाहत्यांचे चेहरे त्यांच्या त्यांच्या घरून दाखवले. शिवाय भोंग्यांतून गर्दीचा आवाज. हे बघून आमच्या ह्यांना हसू आवरेना. "हरल्यावर टाळ्या, जिंकल्यावर टाळ्या, माणूस एक नाही. आमच्या क्रिकेटमध्ये असला खोटेपणा चालायचा नाही." सप्टेंबरात आयपीएल अमिरातीत सुरू झालं. रिकामी मैदानं, पडद्यावरचे प्रेक्षक आणि टेप केलेला जल्लोष. जावई काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टीव्हीचा आवाज वाढवला.

आमच्या घरातल्या सहाव्या गड्याची अडचण वेगळीच होती. सामना संध्याकाळी, आणि तीच नातीची झोपायची वेळ. ओरडायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, टाळी वाजवायची नाही. जावई तोंडात उशीचा कोपरा धरून जल्लोष करायचे. वाईट निर्णय दिलेल्या पंचाला ते जे म्हणत, ते ओठांच्या हालचालीवरून आम्हाला कळायचं, आणि कळू नये म्हणून घरातही मास्क लावायची कल्पना लेकीचीच. तिकडे भोंग्यांतून गर्दीचा खोटा आरडाओरडा आणि इकडे खरा चाहता मुका, असा तो मोसम गेला.

गणपतीत संघ फॉर्मात होता. 22 ऑगस्टला आमचा दीड दिवसाचा गणपती बसला, 23 ला बादलीत विसर्जन झालं आणि त्याच रात्री ब्रुकलिन नेट्सना 150 विरुद्ध 122 असं चिरडून रॅप्टर्सनी चारही सामने खिशात घातले. पुढची गाठ बॉस्टन सेल्टिक्सशी होती. त्याच आठवड्यात विस्कॉन्सिनमध्ये जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. निषेध म्हणून मिलवॉकीचा संघ 26 तारखेला मैदानात उतरलाच नाही आणि तीन दिवस सगळं थांबलं. खेळाडू खेळत नव्हते आणि या वेळी जावयांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. जर्सी घालून मात्र बसले होते.

सेल्टिक्सविरुद्धचे पहिले दोन सामने रॅप्टर्स हरले. मग पितृपक्ष लागला. ह्यांनी निदान केलं, "त्यांची सतरा विजेतेपदं झाली आहेत. एवढे पितर पाठीशी असताना तुमचं काय चालणार?"

3 सप्टेंबर. तिसरा सामना. सेल्टिक्स दोन गुणांनी पुढे आणि अर्धा सेकंद शिल्लक. अर्ध्या सेकंदात आमच्याकडे लिफ्टचं दारसुद्धा उघडत नाही. काइल लाउरी बाहेरून चेंडू फेकणार, तो स्वतः जेमतेम सहा फूट, आणि त्याच्या समोर हात वर करून उभा टॅको फॉल, उंची 7 फूट 5 इंच. मला बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. लाउरीनं त्या डोंगरावरून चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात पाठवला, ओजी अनुनोबीनं तो झेलला न झेलला तोच टाकला, आणि त्याच क्षणी माझ्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. तीन गुण! 104 विरुद्ध 103. शिट्टीनं नात जागी झाली, म्हणून जावयांना ओरडायची मुभा मिळाली, आणि चार महिन्यांचं साचलेलं सगळं त्यांनी एका श्वासात बाहेर काढलं. ह्यांना शारजात 1986 साली मियाँदादनं मारलेला शेवटच्या चेंडूवरचा षटकार आठवला आणि ते विनाकारण गप्प झाले. अनुनोबीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. नंतर विचारलं तर म्हणाला, चुकवायचा म्हणून मी नेम धरत नाही. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं नाही.

त्या रात्रीपासून कुकर संघात आला. चौथ्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत डाळ लावली, जिंकलो. पाचव्याला लेकीनं बाहेरून पिझ्झा मागवला, 22 गुणांनी हरलो. नंतर घरात तिच्याशी दोन दिवस जरा तुटक बोलणं चाललं होतं. सहावा सामना दोनदा जादा वेळेत गेला, म्हणून मी डाळीमागून बटाटे, बटाट्यांमागून छोले लावले. 125 विरुद्ध 122, जिंकलो. जावई हात जोडून म्हणाले, "आई, तुमचा पायगुण!" बाळंतपण केलं, इतके महिने पोळ्या लाटल्या, तेव्हा कुणाला माझा पायगुण दिसला नव्हता.

11 सप्टेंबरचा सातवा सामना रात्री नऊला सुरू झाला. अकरा वाजून गेल्यावर मी खिचडीचा कुकर चढवला. वाफ आली ती शिट्टीतून न येता झाकणाच्या कडेनं. रिंग गेली होती! डोंबिवलीत कोपऱ्यावर मिळते. टोरांटोत रात्री साडेअकराला कुठून आणणार? जावयांनी झाकण वरून दाबून धरलं, ह्यांनी ओला फडका गुंडाळला. तिकडे चेंडू अडवणारा सेल्टिक्सच्या मार्कस स्मार्टचा हात, इकडे वाफ अडवणारे आमचे सहा हात. 92 विरुद्ध 87, सेल्टिक्स जिंकले. खिचडीही कच्ची राहिली. निक नर्स हे रॅप्टर्सचे प्रशिक्षक त्या वर्षी सर्वोत्तम ठरले होते. रिंगेच्या बाबतीत त्यांचं काहीच नियोजन नव्हतं.

जावयांनी दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. माझं नशीब की 18 सप्टेंबरला अधिक महिना लागला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात. सातव्या सामन्यात हरलेल्या जावयासाठी शास्त्रात वेगळं काही दिलेलं नाही, म्हणून तेहतीसच तळले. सतरावा खाऊन झाल्यावर ते पहिल्यांदा बोलले, "पुढच्या वर्षी बघा."

पुढचं वर्ष आलं आणि संघच घरी आला नाही. कॅनडाची सीमा बंद. दर आठवड्याला अमेरिकेतल्या संघांनी ये-जा करायला सरकारची परवानगी मिळेना. तेव्हा टोरांटो रॅप्टर्सनी घरचे सामने खेळायला फ्लोरिडातल्या टॅम्पात बिऱ्हाड केलं. नोव्हेंबरात टोरांटोला पुन्हा टाळेबंदी लागली. आम्ही बर्फात खिडक्या लावून आत, आणि 'घरचा' संघ नारळी-पोफळी असलेल्या परक्या गावात, जिथे जमलेले थोडे प्रेक्षक बऱ्याचदा पाहुण्या संघासाठी ओरडायचे. मोसमात 27 विजय, 45 पराभव. मधे संघातच करोना शिरला. मी कुकरची नवी रिंग मागवली, नवी शिट्टीही बसवली. परिणाम शून्य. ह्यांचं म्हणणं, शिट्टीची हद्द ऑन्टारिओपुरतीच असणार.

तरी जावई एकही सामना चुकवत नव्हते. मी एकदा विचारलं, हरणार हे माहीत असताना बघता कशाला? ते म्हणाले, "आई, तुम्हीसुद्धा वर्षभर रोज केळी धुताय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. केळी धुतल्यानं काही होत नाही हे तोवर सगळ्या तज्ज्ञांनी सांगून टाकलं होतं. पण मी धूत होते तोवर घरात कुणी आजारी पडलं नव्हतं, आणि जिंकत्या जर्सीला पाणी लावायचं नसतं.

शेवटी 27 जून 2021 ला आम्ही तिघं स्कोशियाबँक अरीनात गेलो. लस घ्यायला. त्या एका दिवसात तिथे 26,771 लोकांना टोचलं गेलं. मैदानावर, जिथे संघ खेळतो तिथे, खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. आलेल्या माणसांसाठी स्वयंसेवक टाळ्या वाजवत होते. वर्षभर भोंग्यातल्या टाळ्या ऐकलेल्या कानांना त्या इतक्या खऱ्या वाटल्या की आमचे हे वळून दोनदा हात हलवून आले. जावई मात्र सावकाश, जमिनीकडे बघत चालले होते. खुर्च्यांच्या रांगांमधून, लाउरी कुठे उभा राहतो, अनुनोबी कुठून टाकतो, याचा हिशेब करत. त्यांनी तीन माणसांना पुढे सोडलं, कारण त्यांना हवी ती खुर्ची तीन गुणांच्या रेषेबाहेर येत होती.

टोचणाऱ्या मुलीनं विचारलं, कोणत्या दंडावर? जावई म्हणाले, "डाव्या. उजवा नेमाचा आहे." लग्न झाल्यापासून त्यांनी चेंडूला हात लावलेला मी पाहिला नाही. ह्यांनी लगेच सांगितलं की त्यांचा उजवा हात ऑफस्पिनचा आहे. ती बिचारी माझ्याकडे वळली. मीही डावाच पुढे केला. ऑक्टोबरात संघ टोरांटोला परत येणार अशी बोलणी सुरू झाली होती आणि कुकरचं झाकण मी उजव्या हातानं लावते.